हाडांवर कोरलेली गाणी

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत कपाटाच्या मागून, गादीखालून, ट्रंकेच्या तळातून एक वस्तू बाहेर निघाली. घरातल्या कुणाच्या तरी छातीची किंवा मोडलेल्या हाताची क्ष-किरण फिल्म. डोळ्यांना ती पुरेसे संरक्षण देत नाही, हे आपल्याला पुढे कळले. पण आमच्या पिढीच्या मनात त्या काळ्या-निळ्या फिल्मची आठवण आजही ग्रहणाशीच जोडलेली आहे. आजोबांच्या बरगड्यांमधून आम्ही सूर्य पाहिला.

त्याच फिल्ममधून दुसऱ्या एका शहरातल्या माणसांनी गाणे ऐकले. ते शहर लेनिनग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग. काळ १९४६ ते साधारण १९६४. इस्पितळांनी टाकून दिलेल्या फिल्मवर बंदी घातलेली गाणी कोरायची, त्यांच्या तबकड्या करून चोरून विकायच्या, असा धंदा तिथे जवळजवळ दोन दशके चालला. या तबकड्यांना लोक नुसते 'बरगड्या' म्हणत, किंवा 'हाडे'. सोव्हिएत काळातल्या भूमिगत हस्तलिखित साहित्याला 'समिझदात' हे नाव आहे. त्याच धर्तीवर या उद्योगाला 'रेंटगेनिझदात' असे भारदस्त नाव मिळाले, पण ते पुढे.

या विषयावर अलीकडे जगभर बरेच लिहिले जाते. त्यातले पुष्कळसे लेखन छायाचित्रांच्या मोहात अडकलेले असते. कवटीवर फिरणारी सुई कुणालाही भुरळ घालणारच. मला मात्र दोन साध्या प्रश्नांची उत्तरे हवी होती. ही तबकडी नेमकी होत कशी असे? आणि तिच्यासाठी तुरुंगात जायला माणसे तयार का झाली?

तबकडी कशाची?

तबकडी अमुकच पदार्थाची हवी, असा नियम कधीच नव्हता. पृष्ठभाग सपाट हवा आणि त्यात सुईच्या टोकाएवढी नागमोडी चरी टिकली पाहिजे, एवढीच अट. एमिल बर्लिनरच्या तबकड्या १८८९ च्या सुमारास जर्मनीत खेळणे म्हणून विकायला आल्या, तेव्हा त्या कठीण रबराच्या होत्या. १९०३ मध्ये कोलोनच्या श्टोलवेर्क या चॉकलेट कंपनीने मुलांसाठी छोटा फोनो काढला. त्याच्या तबकड्या चक्क चॉकलेटच्या होत्या. गाणे ऐकावे आणि मग खाऊन टाकावे.

पुढे अर्धशतक राज्य केले ते लाखेने. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख मुख्यतः भारतातल्या जंगलांतून जगभर जात असे. न्यूयॉर्कमध्ये वाजणारी तबकडी असो की मुंबईत, तिला बांधून ठेवणारा पदार्थ बहुधा आपल्याकडचाच. पण तबकडीत निव्वळ लाख नसे. दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू असे मिश्रण असे, आणि त्यात लाखेचा वाटा निम्म्याहून बराच कमी. दगडाची पूड मुद्दाम घातलेली असे. जुन्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स १०० ग्रॅमच्या वर भार सुईवर टाकी. त्या भाराखाली खरखरीत तबकडी पोलादी सुईला घासून चरीच्या मापाची करी. झीज सुईची व्हायची, तबकडी वाचायची. म्हणून तर दर गाण्याला सुई बदलावी लागे. पुढच्या कथेत हा तपशील महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा झाला. १९४२ मध्ये अमेरिकेने तिच्या वापरावर निर्बंध घातले आणि नवी तबकडी काढण्यासाठी जुन्या तबकड्या गोळा करून वितळवायची पाळी कंपन्यांवर आली. पर्यायी पदार्थांचा शोध सगळीकडेच चालू होता. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनायलची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली ती याच वाटेवर. लेनिनग्राडच्या पोरांनी शोधलेला पर्याय मात्र कुठल्याही कंपनीला सुचण्यासारखा नव्हता.

इस्पितळातला कचरा

फिल्मवर आवाज कोरण्याची युक्ती मात्र त्यांची स्वतःची नव्हे. हंगेरीत १९३० च्या दशकातच क्ष-किरण फिल्मवर ध्वनिमुद्रण झालेले आहे. पण तिथे ते उघड होते. सोय म्हणून केलेले काम होते ते.

इस्पितळे फिल्म टाकून का देत, यालाही कारण आहे. जुनी क्ष-किरण फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे, आणि नायट्रोसेल्युलोज हा बंदुकीच्या दारूचा सख्खा नातेवाईक. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका मोठ्या दवाखान्यात साठवलेल्या फिल्मने पेट घेतला. तिच्या विषारी धुराने १२३ माणसे दगावली. फिल्मचे साठे ही इस्पितळांना उशाशी ठेवलेली दारूगोळ्याची कोठारे वाटू लागली. सोव्हिएत इस्पितळांनाही जुन्या फिल्म वेळच्या वेळी काढून टाकण्याचे आदेश होते. युद्धाने आणि ८७२ दिवसांच्या वेढ्याने पिळून निघालेल्या लेनिनग्राडमध्ये कोऱ्या प्लास्टिकचा तुकडा मिळणे मुश्कील होते. पण छातीच्या फिल्मचे गठ्ठे टाकून दिले जात होते. कर्मचाऱ्याच्या हातावर थोडे पैसे टेकवले, नाहीतर व्होडकाची बाटली दिली, की गठ्ठा मिळे. त्यालाही पुढची विल्हेवाट लावण्याची कटकट टळे.

नेव्हस्की मार्ग, क्रमांक ७५

१९४६ मध्ये स्टानिस्लाव फिलॉन नावाच्या माणसाने लेनिनग्राडच्या मुख्य रस्त्यावर, नेव्हस्की मार्गावर ७५ क्रमांकाच्या इमारतीत ध्वनिमुद्रणाचे दुकान काढले. युद्धाच्या लुटीतून आलेले जर्मन टेलिफुंकेन यंत्र त्याच्याकडे होते. दुकान रीतसर होते. गिऱ्हाइकाने यावे, चार शब्द बोलावेत, एखादे गाणे म्हणावे आणि ते 'बोलके पत्र' म्हणून घरी न्यावे. दिवसा हे चाले. दुकान बंद झाले की तेच यंत्र परदेशी आणि निषिद्ध तबकड्यांच्या नकला फिल्मवर उतरवी.

तिथे घुटमळणाऱ्या तरुणांत रुस्लान बोगोस्लोव्स्की होता. वय अठरा-एकोणीस, संगीताचे वेड आणि हात कारागिराचे. फिलॉनच्या यंत्राकडे तो नुसता बघत राही. बघता बघता त्याने त्याची मापे डोक्यात साठवली, घरी येऊन आकृत्या काढल्या आणि जमणारे भाग लेथवर करवून घेऊन १९४७ मध्ये स्वतःचे यंत्र उभे केले. त्याचा साथीदार बोरिस तायगिन कवी होता. तबकडीवर शिक्का मारायची कल्पना त्याची. ग्रामोफोनपुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र सगळ्या जगाला ठाऊक होते. आपणही कुत्राच घेऊ, पण सोन्याचा, असे म्हणून त्यांनी आपल्या बिनपरवाना कंपनीचे नाव 'सोनेरी कुत्रा' ठेवले. चोरीच्या धंद्यात कुणी आपली खूण सोडत नाही. ही पोरे शिक्का मारत होती, कारण माल चांगला असल्याचा त्यांना अभिमान होता. आयुष्याच्या उत्तरार्धात तायगिनने या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. आज या इतिहासाचा कणा बऱ्याच अंशी त्याच आठवणींवर उभा आहे.

एक तबकडी, तीन मिनिटे

नक्कल करण्याच्या दोन पद्धती असतात. पहिली साच्याची. मूळ तबकडीवरून उलटा साचा घ्यायचा आणि त्यात दुसरा पदार्थ दाबायचा किंवा ओतायचा. आजचे हौशी लोक सिलिकॉन रबराचा साचा करून त्यात रेझिन ओततात ती हीच रीत. चरीची हुबेहूब प्रतिकृती मिळते. कारखाने धातूचा साचा वापरतात आणि एकाच साच्यातून शेकडो प्रती काढतात. त्यासाठी दाबयंत्र, विद्युत्-विलेपनाच्या टाक्या आणि कच्चा माल लागतो. भाड्याच्या खोलीत लपूनछपून हे जमणारे नाही.

दुसरी पद्धत पुन्हा कोरण्याची, आणि बरगड्यांच्या तबकड्या या पद्धतीच्या. एका थाळीवर मूळ तबकडी वाजते. तिच्या सुईची कंपने विजेच्या लहरी होऊन अॅम्प्लिफायरमध्ये जातात, तिथून कोरणाऱ्या डोक्यात. त्या डोक्याची टोकदार सुई शेजारच्या थाळीवर फिरणाऱ्या फिल्ममध्ये तीच कंपने चरीच्या रूपाने उमटवते. एक लांब आट्यांचा दांडा हे डोके सावकाश केंद्राकडे सरकवत नेतो. साधा हिशेब करून पाहा. मिनिटाला ७८ फेरे, गाणे तीन मिनिटांचे, म्हणजे २३४ फेरे. मिलिमीटरला चार चऱ्या धरल्या तर जेमतेम सहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात सगळे गाणे बसवायचे. दांड्याच्या आट्यांत किंचित दोष असला की शेजारच्या दोन चऱ्या एकमेकींत शिरल्या आणि तबकडी फुकट. फिल्मची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, चरी तिच्याही निम्म्याहून कमी खोल. सुई थोडी जास्त दाबली गेली तर फिल्म फाटे, कमी दाबली तर गाणे उमटतच नसे. विसाव्या वर्षी असे यंत्र हाताने जुळवणारा मुलगा कुठल्याही कारखान्याला हवाहवासा वाटला असता.

बाकीचे काम घरगुती होते. फिल्म कात्रीने गोल कापायची. मधले भोक पुष्कळदा पेटत्या सिगारेटने पाडायचे. कोरीव काम एकाच बाजूला. फिल्म पातळ असल्याने ती गुंडाळून बाहीत लपवता येई, आणि रस्त्यातली विक्री तशीच होई.

या पद्धतीत एक मेख होती. तीन मिनिटांच्या गाण्याची प्रत करायला तीन मिनिटे लागतातच. शंभर प्रती हव्या असतील तर गाणे शंभर वेळा वाजवायचे. प्रत्येक तबकडी स्वतंत्रपणे कोरलेली, म्हणून प्रत्येक थोडी वेगळी. आणि दर वेळी मूळ तबकडीही झिजणार.

आवाज कसा होता? खराब. सुईच्या खरखरीतून गाणे ओळखून काढावे लागे. वर सांगितलेला दगडाच्या पुडीचा तपशील इथे उपयोगी पडतो. लाखेची तबकडी सुईला झिजवते. फिल्म मऊ असल्याने तिथे सगळे उलटे होते. पोलादी सुई तिला नांगरासारखी उकरत जाते. दर वादनाला गाणे थोडे पुसट होई आणि काही वादनांनंतर उरे ती नुसती खरखर. ऐकणे म्हणजेच संपवणे. ग्राहकाला हे ठाऊक असे, आणि तरी तो घेई.

नेमके काय ऐकत होते?

या विषयाच्या लोकप्रिय मांडणीत इथे एक गफलत होते. कथा अशी सांगितली जाते की पोलादी पडद्यामागच्या तरुणांना जाझ आणि रॉक अँड रोल हवे होते आणि त्यांनी ते हाडांवर कोरून मिळवले. हे खरे आहे, पण अर्धेच. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने संगीतातल्या 'विकृतीं'विरुद्ध ठराव केला, त्यानंतर जाझवर गदा आली. सॅक्सोफोन हे वाद्यच संशयास्पद ठरले. १९४९ मध्ये 'क्रोकोदिल' या विनोदी नियतकालिकाने रंगीबेरंगी कपड्यांतल्या, परदेशी नाचाच्या नादी लागलेल्या तरुणांची 'स्तिल्यागा' म्हणून टर उडवली. या तरुणांना ग्लेन मिलर हवा होता, एला फिट्झजेराल्ड हवी होती, पुढे बिल हॅले आणि एल्व्हिस प्रेस्ली.

पण सुरुवातीच्या वर्षांत मोठी मागणी होती ती रशियन गाण्यांना. त्यांच्याच भाषेतल्या, त्यांच्याच आईबापांनी गुणगुणलेल्या गाण्यांना. प्योत्र लेश्चेन्को बुखारेस्टमध्ये राहून रशियन टँगो गायचा. स्थलांतरित म्हणून त्याच्या तबकड्या मायदेशी निषिद्ध. १९५१ मध्ये रुमानियात त्याला अटक झाली आणि १९५४ मध्ये तिथल्याच तुरुंगाच्या इस्पितळात तो वारला. वादिम कोझिन युद्धापूर्वीचा लाडका गायक. १९४४ मध्ये पकडला गेला, कोलिमाला पाठवला गेला आणि पुढे मगादान शहरातच राहिला. माणूस गेला की त्याच्या तबकड्याही दुकानांतून गेल्या. अलेक्सांद्र वेर्तिन्स्की १९४३ मध्ये परत आला, मैफली करू लागला, तरी त्याच्या गाण्यांपैकी फारच थोडी सरकारी तबकड्यांवर आली. याखेरीज तुरुंगांतून आणि गुन्हेगारांच्या वस्त्यांतून आलेली गाणी होती. ती अधिकृतपणे कुणी छापणे शक्यच नव्हते.

म्हणजे बरगड्यांवर जे होते त्यात परदेशाच्या ओढीइतकीच हिरावून घेतलेल्या आपल्या वस्तूची ओढ होती. सत्तेने नव्याची वाट अडवली आणि जुने पुसले. माझ्या मते दुसरी गोष्ट लोकांच्या जास्त जिव्हारी लागली.

हा बाजार साधुसंतांचा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. अंधाऱ्या कोपऱ्यात घेतलेली तबकडी तिथल्या तिथे वाजवून बघता येत नसे. घरी आल्यावर भलतेच गाणे निघे, कधी काहीच नसे. दोन-चार सेकंद रॉक अँड रोल वाजून एकदम रशियनमध्ये 'नवे गाणे ऐकायला आलात काय?' अशा अर्थाची टिंगल आणि शिव्या सुरू होणाऱ्या तबकड्याही लोकांच्या हाती पडल्या. लेश्चेन्कोची मागणी पुरवण्यासाठी त्याच्यासारखा गळा असलेला गायक गाठून त्याची गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली गेली आणि लेश्चेन्को म्हणूनच खपली. पदार्थ उसना, गाणे उसने, आणि कधी गळाही उसना. तरीही या नकली लेश्चेन्कोवर प्रेम करणाऱ्यांचे प्रेम नकली होते, असे म्हणायला मी तयार नाही.

शिक्षा

५ नोव्हेंबर १९५० रोजी लेनिनग्राडमध्ये धरपकड झाली. यंत्रे, फिल्म, तबकड्या सगळे जप्त झाले. बोगोस्लोव्स्कीला ३ वर्षांची शिक्षा झाली, तायगिनला ५ वर्षांची. तायगिनने नुसत्या नकला केल्या नव्हत्या, त्याची स्वतःची गाणीही तबकड्यांवर गेली होती. मार्च १९५३ मध्ये स्टॅलिन वारला, सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि दोघे सुटले.

सुटल्यावर बोगोस्लोव्स्कीने पुन्हा यंत्र जुळवले. १९५७ मध्ये तो पुन्हा आत गेला, आणि त्यानंतर आणखी एकदा. एका माणसाने तबकड्यांपायी तीन वेळा तुरुंग पाहिला. पहिल्या शिक्षेला तारुण्यातले साहस म्हणता येईल. तिसऱ्यासाठी तो शब्द पुरत नाही. पैसा हे कारण होतेच, ते झाकायची गरज नाही. पण तेवढ्याच पैशासाठी कमी धोक्याचे धंदे लेनिनग्राडमध्ये बरेच होते. बोगोस्लोव्स्कीच्या हाताला एक काम उत्तम येत होते आणि ते न करता राहणे त्याला जमले नाही. कुठल्याही खऱ्या कारागिराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटी हा धंदा पोलिसांनी नव्हे, टेपरेकॉर्डरने बंद केला. १९६० च्या दशकात चुंबकीय फितीची यंत्रे सोव्हिएत घरांत पोहोचली. फितीवर नक्कल करायला कोरीव कौशल्य लागत नव्हते. कुणीही बटण दाबावे. ओकुद्झावा आणि व्हिसोत्स्की यांची गाणी फितींवरूनच देशभर पसरली. १९६४ मध्ये सरकारने 'मेलोदिया' ही एकच मोठी ध्वनिमुद्रण संस्था उभी केली. त्याच वर्षी 'क्रुगोझोर' हे मासिक निघाले. त्याच्या पानांबरोबर बांधलेल्या असत पातळ, लवचिक, निळ्या प्लास्टिकच्या तबकड्या. जी वस्तू बाहीत लपवल्याबद्दल लोक तुरुंगात गेले, जवळजवळ तशीच वस्तू आता टपालाने घरी येऊ लागली. हाडे तेवढी नव्हती.

अनाम माणूस

पुढे काही दशके या तबकड्या लोकांच्या विस्मरणात गेल्या. स्टीफन कोट्स या ब्रिटिश संगीतकाराला सेंट पीटर्सबर्गच्या जुन्या बाजारात अशी एक तबकडी सापडली. त्याने छायाचित्रकार पॉल हार्टफिल्डच्या साथीने हयात असलेल्या कोरणाऱ्यांना, विकणाऱ्यांना शोधले आणि २०१५ मध्ये त्यावर पुस्तक काढले. आता लेझरने लाकडावर, कागदावर तबकडी कोरून दाखवणारेही आहेत, बर्फाची तबकडी करून वाजवणारेही. यंत्रशास्त्र म्हणून ते कौतुकास्पदच आहे. पण तिथे पदार्थ निवडला जातो तो गंमत म्हणून. लेनिनग्राडमध्ये निवडायला दुसरे काही नव्हते.

इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या मुखात राहिली, असे आपण अभिमानाने म्हणतो. शब्द असे राहू शकतात. कुणी पाठ करतो, कुणी उतरवून घेतो आणि अभंग परत उभा राहतो. पण आवाज पाठ करता येत नाही. लेश्चेन्कोचे शब्द एखाद्या बाईने पदराखाली जपले असते, तरी त्याचा गळा तिला जपता आला नसता. त्यासाठी चरीच लागते, मग ती कितीही ओबडधोबड असो. त्या खरखरत्या फिल्मवर माणसे इतका जीव का टाकत होती, याचे उत्तर मला इथे सापडते.

मात्र या तबकड्यांकडे पाहताना मला एक तिसरा माणूस आठवत राहतो. गायकाचे नाव आपल्याला माहीत आहे, कोरणाऱ्याचेही. ज्याच्या बरगड्या त्या माणसाचे नाव कुठेच नाही. तो क्षयाच्या संशयाने तपासणीला आला असेल. छाती काचेला टेकवून, श्वास रोखून उभा राहिला असेल. वेढ्यातल्या उपासमारीतून वाचलेल्यांपैकी असेल. त्याचे पुढे काय झाले, हे फिल्म सांगत नाही. आपल्या फुप्फुसांवर कुणी टँगो कोरला, त्यावर कुणाच्या तरी बंद खोलीत जोडपी नाचली, हे त्याला कधी कळलेही नसेल.

आपल्या ट्रंकेच्या तळाशीही अशी एखादी फिल्म अजून असेल. टाकवत नाही म्हणून ठेवलेली. ग्रहण नसतानाही ती एकदा उजेडात धरून बघावी.